शेवटचा हात

वॉर्निश हा काही मराठीच्या प्राध्यापकाने लिहिण्याचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. त्यातून बोटीच्या केबिनला आतून कसलं वॉर्निश द्यावं, हा तर नव्हेच नव्हे. माझ्या निवडीबद्दल आमच्या घरातही फारसं चांगलं मत नाही. दिवाणखान्याचे पडदे निवडायला मला एकदा एकट्याला पाठवलं होतं. ते पडदे आज माळ्यावर जुन्या ग्रंथांची बासनं म्हणून उत्तम काम देत आहेत. तेव्हा गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता मामांचा फोन आला, तो ऐकून सौभाग्यवती हसली, यात तिचा काही दोष नव्हता.

“लाँचच्या केबिनला वॉर्निश करायचंय,” मामा म्हणाले. “चकचकीत करावं की मंद, ते ठरत नाही. दसऱ्याला ये आणि ठरव.”

“अहो मामा, मी मराठी शिकवतो!”

“म्हणूनच तुला बोलावतोय. ज्यांना यातलं कळतं ते दोघे इथे महिनाभर भांडतायत. पंच म्हणून काहीच न कळणारा माणूस बरा.” आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, “माझी अट एकच. टेबलावर गरम चहाचा पेला ठेवता आला पाहिजे.”

या अटीचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. चहाचे शौकीन आहेत, म्हणत असतील, असं समजून मी ती सोडून दिली.

मामांची लाँच म्हणजे आमच्या आजोळची एक वडीलधारी व्यक्तीच. मामा मुंबईला गोदीतल्या कारखान्यात होते. निवृत्त व्हायच्या आधीच त्यांनी लिलावात एक जुनी लाकडी लाँच घेतली, २८ फुटांची. ती दाभोळच्या खाडीत आणली, आणि १९९८ साली तिची केबिन नव्याने बांधून घेतली. भिंतींना सागाच्या फळ्या, आणि मधलं टेबल फणसाचं. परसातला फणस वाऱ्याने पडला होता, त्याचं. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं आणि उजेडात राहून राहून तांबूस-तपकिरी होत जातं. त्यामुळे ते टेबल आमच्या देखत वयात आलं असं म्हटलं तरी चालेल.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोलीच्या किनाऱ्याने त्या दिवशी काय सोसलं, ते तिकडच्या माणसांनाच विचारावं. माडपोफळी गेल्या, घरांची कौलं गेली. लाँच शाकारून वर ओढून ठेवली होती म्हणून वाचली, पण केबिनच्या छपराच्या मागच्या फळ्या निखळल्या आणि पावसाचं पाणी आत शिरलं. भिंतीचं पॉलिश पांढरं पडून पोपडे सुटले. त्यात टाळेबंदी चालूच, मग मामांचा मोतीबिंदू, मग पैशाची ओढाताण. लाँच तशीच पडून राहिली. आता मामेभावाने तिच्यावरून पर्यटकांना खाडी दाखवायचा घाट घातला होता. इंजिन झालं, छप्पर झालं, आणि सगळं गाडं वॉर्निशपाशी येऊन अडलं होतं.

पंचाने तयारी करून जावं म्हणून मी आधी शब्दकोश उघडला. आम्हा भाषेच्या लोकांची तयारी तिथूनच सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. वॉर्निश हा साहेबाचा शब्द. त्याच्याआधी आपण ‘रोगण’ म्हणत होतो. रोगण मूळचं फारसी, आणि त्याचा अर्थ तेल किंवा तूप. म्हणजे काश्मिरी मटणाच्या ‘रोगन जोश’मधला तवंग आणि आजोबांच्या पेटीवरची लकाकी ही एकाच घरची भावंडं. ‘झिलई’ अरबीतून आली. हे सगळं वहीत टिपून घेऊन मी मोठ्या ऐटीत एसटीत बसलो.

पडवीत पाऊल टाकलं, तर सामना रंगात आलेला. मामेभाऊ म्हणत होता, चकचकीतच हवं. “केबिनला खिडक्या दोन, त्याही एवढ्याएवढ्याशा. आत काळोख. चकचकीत केलं की उजेड दुप्पट होतो. आणि दादा, फोटोत काय दिसतं हो? चकाकी दिसते. फोटो बघूनच लोक येतात.”

सुतारमिस्त्री खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, “चकाकी दिसते, तशी धूळपण दिसते. ब्रशचा केस दिसतो. रंधा जिथं उडाला ती जागा दिसते. चकचकीत वॉर्निश म्हणजे आरसा. माझ्या चाळीस वर्षांच्या चुका लोकांना दाखवायच्या असतील तर करा चकचकीत!”

मामा नुसते ऐकत होते. मी वही उघडून रोगणाची व्युत्पत्ती सांगितली. मिस्त्रींनी ती आदराने ऐकून घेतली आणि विचारलं, “मग मास्तर, त्याच्यात टर्पेंटाइन किती घालायचं?”

मी वही मिटली.

त्यानंतरचे दोन तास मी विद्यार्थी होतो, आणि सांगायला आनंद वाटतो की मागच्या बाकावरचा नव्हतो. मला वाटत होतं वॉर्निश म्हणजे वॉर्निश. ते तसं नाही. जवसाचं तेल नुसतं चोपडलं तर ते हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं आणि लाकूड फार देखणं दिसतं. पण ते काळवंडत जातं आणि बोटीच्या बंद दमट पोटात त्याच्यावर बुरशी धरते. लाखेचं पॉलिश म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला. पळसावर, बोरीवर, कुसुंबावर जगणाऱ्या एका चिमुकल्या किड्याची ती करणी. घरातल्या कपाटाला त्याच्यासारखी झळाळी दुसऱ्या कशाने येत नाही. पण उष्णतेने ते मऊ पडतं आणि ओल लागली की पांढरं होतं. डोलकाठीला देतात ते वॉर्निश मुद्दाम लवचीक ठेवलेलं असतं. काठी वाऱ्याने वाकते, तिच्याबरोबर त्यालाही वाकावं लागतं. शिवाय उन्हाने पापुद्रे सुटू नयेत म्हणून त्यात वेगळी द्रव्यं घालतात. केबिनच्या आत ऊन नाही, वाकणं नाही. तिथे लवचीकपणापेक्षा कठीणपणा महत्त्वाचा. लोक बसणार, डबे घासणार, पोरं नखांनी नावं कोरणार. म्हणून आत पॉलियुरेथेनचं कठीण वॉर्निश चालतं.

“आणि मंद वॉर्निश म्हणजे काय, ठाऊक आहे?” मिस्त्रींनी विचारलं. “चकचकीतच. फक्त त्याच्यात पीठ घातलेलं.”

हे पीठ म्हणजे सिलिकाची अतिबारीक पूड. ती उजेड विखरून टाकते, म्हणून पृष्ठभाग मंद दिसतो. डबा ठेवला की पूड तळाशी बसते, म्हणून ते ढवळून ढवळून वापरायचं. आणि त्याचेच पाच-सहा हात एकावर एक दिले, तर लाकडावर धुकं बसल्यासारखं होतं. रेषा दिसेनाशा होतात.

“मग करायचं काय?” मी विचारलं.

“खालचे सगळे हात चकचकीत. शेवटचा एकच हात मंद.”

मामेभावाचं तोंड उतरलं. एवढी चकाकी आणायची, आणि वरून झाकून टाकायची?

एवढ्यात मामा उठले आणि आतून लाकडाचे तीन तुकडे घेऊन आले. त्याच फणसाच्या उरलेल्या फळीचे. एकावर चकचकीत वॉर्निश, दुसऱ्यावर चकचकीताच्या वर एक मंद हात, आणि तिसऱ्यावर जुनं लाखेचं पॉलिश. दोन आठवड्यांपूर्वीच त्यांनी ते करून ठेवले होते. मामींच्या मागे घर सांभाळणाऱ्या सूनबाईंना त्यांनी हाक मारली, “चहा आण गं. तीन पेले. कडकडीत.”

तीन तुकड्यांवर तीन वाफाळते पेले ठेवले गेले. कुणी पिईना. आम्ही पाचजण त्या पेल्यांकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे बघत बसलो. पाच मिनिटांनी मामांनी पेले उचलले. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही. तिसऱ्यावर, लाखेवर, एक पांढरं वर्तुळ उमटलं होतं. चंद्राला खळं पडतं तसं.

मामा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. आणि मग मला एकदम १९९८ सालची नारळीपौर्णिमा आठवली.

मी तेव्हा कॉलेजात होतो. नवी केबिन तयार झाली होती आणि मामांनी सगळ्या नातेवाइकांना पहिल्या फेरीला बोलावलं होतं. केबिनला आतून लाखेचं पॉलिश केलं होतं. मिस्त्रींनी तेव्हाच सांगितलं होतं, की बोटीत लाख नको. पण गोदीतल्या साहेबांच्या लाँचचं लखलखतं लाकूड मामांच्या डोळ्यांत भरलेलं. त्यांनी ऐकलं नाही. पंधरा दिवस खपून, कापडाची पुरचुंडी हातात धरून, गोल गोल फिरवत त्यांनी ते पॉलिश स्वतः केलं होतं. टेबलात तोंड दिसत होतं. लाँच खाडीत गेली, मामींनी थर्मासमधून चहा ओतला, सगळ्यांना दिला आणि स्वतःचा पेला टेबलावर ठेवून प्रसादाची वडी वाटायला वळल्या. परत येऊन पेला उचलला, तो त्याच्याखाली पांढरं वर्तुळ.

मामा मामींना सगळ्यांदेखत बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यात शिवी नव्हती, पण शिवी बरी असं ते बोलणं होतं. मामी काही म्हणाल्या नाहीत. त्यानंतर त्या लाँचवर आल्या नाहीत असं नाही. दर नारळीपौर्णिमेला यायच्या, सगळ्यांना चहा द्यायच्या. पण स्वतःचा पेला टेबलावर कधी ठेवला नाही. पदराच्या टोकात धरून मांडीवर ठेवायच्या. २०१६ साली मामी गेल्या. अठरा वर्षं पेला मांडीवरच राहिला.

आता मला ती फोनवरची अट कळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही लाँचवर गेलो. भिंतींचं जुनं पॉलिश खरवडून झालं होतं. टेबलावर ताडपत्री होती, म्हणून वादळाच्या पाण्यातून ते बचावलं होतं. मामांनी ताडपत्री काढली. कडेला, खिडकीच्या बाजूला, ते वर्तुळ तसंच होतं. मिस्त्री पुढे झाले, तसे मामा म्हणाले, “हे मी करतो.”

त्यांनी बाटलीतलं स्पिरिट कापडाच्या बोळ्यावर घेतलं. तेव्हा मिस्त्री माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “मास्तर, हा डाग दोन मिनिटांचा. स्पिरिटचा ओला हात अलगद फिरवला की लाख परत विरघळते आणि डाग जातो. तुमच्या मामांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक.”

मी मामांकडे पाहिलं. पहिली काही वर्षं, मला वाटतं, त्यांनी तो रागाने ठेवला असेल. बायकोच्या लक्षात राहावं म्हणून. पुढची काही वर्षं संकोचाने. आपण होऊन पुसायचा म्हणजे चूक कबूल करायची. आणि २०१६ नंतर? आमच्या वर्गात आम्ही ज्याला करुणरस म्हणतो तो माझ्यात दाटून आला आणि मी अगदी प्राध्यापकाला शोभेलसं बोललो, “मामा, राहू द्या ना. तेवढी जागा सोडून बाकीचं पॉलिश काढू. मामीची आठवण आहे ती.”

मामांनी हात थांबवला. “तिची नव्हे,” ते म्हणाले. “ती माझ्या रागाची आठवण आहे. तिने फक्त पेला ठेवला होता.”

आणि त्यांनी वर्तुळावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. ते विरलं. मग ते सबंध टेबलावरची लाख काढत राहिले. बोळा तांबडा होत होता आणि खालून फणसाचं लाकूड वर येत होतं. त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही.

निर्णय द्यायला मग काही अवघड गेलं नाही. छताच्या फळ्यांना चकचकीत, शेवटपर्यंत. तिथे कुणाचा हात लागत नाही, आणि खिडकीतून आलेली पाण्याची तिरीप तिथे नाचते ती मामेभावाच्या पर्यटकांना दिसावी. पायाखालच्या फळ्यांना चकाकी नाही, ओल्या पायाने माणूस घसरतो. भिंती आणि टेबल यांना खाली पाच हात चकचकीत, वर एक हात मंद. पंचाचा निकाल उभय पक्षांनी मान्य केला. कारण तो बहुतेक मिस्त्रींचाच होता.

सुट्टी संपेपर्यंत मी कामाला हात लावला. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर वॉर्निश धरत नाही. पहिला हात पातळ करून द्यायचा, म्हणजे तो लाकडात मुरतो. फळीच्या तुटक्या टोकांना जास्त पाजायचं, कारण पाणी तिथूनच शिरतं. डबा हलवायचा नाही, बुडबुडे होतात. खाडीवर संध्याकाळी दव उतरतं, म्हणून तीनच्या पुढे ब्रश धुऊन ठेवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, एक हात वाळून कडक झाला की त्याच्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून त्याची चकाकी आधी मोडायची. तशी ती मोडली नाही, तर पुढचा हात वर नुसता बसतो, धरत नाही, आणि एके दिवशी सालीसारखा निघून येतो.

हे शेवटचं मी वहीत लिहून घेतलं. रोगणाच्या व्युत्पत्तीखाली. वीस वर्षं मी मुलांचे निबंध तपासतो आहे. काही निबंधांत विशेषणांचे सहा-सहा हात असतात आणि खाली लाकूडच नसतं. त्यांच्यावर मी लाल शाईने पुष्कळ लिहिलं. पण चकाकी ही वाईट गोष्ट आहे असं मी त्यांना शिकवत आलो, ते चुकलंच. चकाकी हवी. टिकाऊपणा तिच्यातच असतो. ती कुठे द्यायची आणि कुठे आवरायची, एवढाच प्रश्न. घरातलंच बघा. आमचं जेवणाचं टेबल घेतलं तेव्हापासून त्याच्यावर जाड प्लास्टिक अंथरलेलं आहे. त्याखालचं लाकूड कसं आहे हे माझी मुलगी सांगू शकणार नाही. तिने एकदा त्याच्यावर गरम पातेलं ठेवलं, तेव्हा मी तिला काय बोललो, ते मला लाँचवर पॉलिश पेपर घासताना आठवलं, आणि मी थोडा जास्तच जोराने घासू लागलो.

दसरा ते भाऊबीज बावीस दिवस. आम्ही गेल्यावर बाकीचे हात मामेभावाने आणि मिस्त्रींनी पुरे केले, आणि पुढे दहा-बारा दिवस वॉर्निश पक्कं होण्यासाठी सोडले. त्या दिवसांत मामांनी किती वेळा टेबलावर बोट टेकवून पाहिलं असेल, ते मिस्त्रींनाच ठाऊक. “दर वेळी ओरडावं लागायचं,” ते म्हणत होते.

भाऊबिजेला आईला घेऊन मी पुन्हा गेलो. सत्तरीच्या आईला दोघांनी धरून लाँचवर चढवलं. केबिनमध्ये शिरलो आणि क्षणभर थांबलो. छतावर खाडीचा उजेड जाळीसारखा हलत होता. भिंती शांत होत्या. रेष न् रेष दिसत होती, पण कुठेही डोळ्यांवर येत नव्हती. मामेभाऊ म्हणाला, “दादा, फोटो बरा येतो हो याचा.” मिस्त्री दुसरीकडे बघत हसले.

आईने तिथेच मामांना ओवाळलं. सूनबाईंनी चहा ओतला. आईने पेला घेतला आणि अगदी सहज, न कळत, पदराचं टोक त्याच्याभोवती गुंडाळून तो मांडीवर धरला. १९९८ साली तीही त्या फेरीत होती. लाँचवर चहा असाच प्यायचा असतो, हे आमच्या आजोळच्या सगळ्या बायकांनी तेव्हापासून धरून ठेवलेलं.

मामांनी ते पाहिलं. म्हणाले, “ठेव गं टेबलावर.”

“नको दादा. डाग पडेल.”

“पडू दे. ठेव.”

आईने घाबरत घाबरत पेला ठेवला, खिडकीच्या बाजूला. लाँच खाडीच्या मध्यावर आली होती. आम्ही बोलत होतो, पण सगळ्यांचं लक्ष त्या पेल्याकडे. अखेर आईने तो उचलला. खाली थोडी ओल होती. मामांनी ती तळहाताने पुसली. खाली फणसाचं लाकूड होतं, आणि दुसरं काही नव्हतं.

मामा तिथेच तळहात ठेवून थोडा वेळ बसले. मग आपला पेला उचलून त्यांनी त्या जागी ठेवला आणि खिडकीबाहेर बघत चहा निवेपर्यंत तसाच राहू दिला.

घरी आल्यावर मी जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक काढलं. सौभाग्यवतीने विचारलं, “हे काय नवीन?” मी म्हटलं, “वॉर्निशचा अभ्यास.” मुलीने हळूच आपलं दूध टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. डाग पडला. मी काही बोललो नाही.